तनुजाची लिफ्ट आणि माझं लिंबू

तनुजा पंचवीस फुटांवर असताना मशीन बंद पडलं तर तिला खाली कोण आणणार? आठ महिने झाले, कणीक मळताना, बसमध्ये, देवापुढे, हाच प्रश्न मनात असतो. तिला विचारलं की म्हणते, खालच्या बॉक्सवर मशीन उतरवायचं बटण असतं, आणि निवांत जेवायला बसते.

माझी मुलगी सव्वीस वर्षांची. आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झाली. कर्वेनगरच्या एका मोठ्या सभागृहाची देखभाल आता तिच्याकडे आहे. छताचे दिवे, पंखे, एसीच्या जाळ्या, सगळं ती उभ्या लिफ्टवरून करते. मी बी.ए. झालेली, पण हे मशीन कसं असतं असं कुणी विचारलं तर मला धड सांगता यायचं नाही. आज पाहिलं. टेबलाएवढी चाकांची बैठक, तिच्यावर खांब आणि एका माणसापुरता पिंजरा. पिंजऱ्यात उभी राहून तीच ते चालवते, वळवते, वर नेते. ढकलायला कुणी लागत नाही.

मी मात्र तिला न सांगता माझ्या भावाला, आनंदला, गळ घातली होती. बिबवेवाडीच्या एका बिल्डरकडे त्याने तिच्यासाठी ऑफिसातली नोकरी बघून ठेवली. सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

आज खंडेनवमी. त्यांच्याकडे लिफ्टची पूजा असते, घरच्यांनाही बोलावतात. झेंडूचा हार घातला, नारळ फुटला. सगळे पेढे घेण्यात गुंतलेले बघून मी खाली वाकले आणि पर्समधली लिंबू-मिरची चाकाजवळच्या एका लोखंडी पट्टीला घट्ट बांधली. कुणाला दिसू नये म्हणून आतल्या बाजूने.

चार वाजता व्यासपीठासमोरचा दिवा गेला. सहाला कार्यक्रम. तनुजाने कमरेचा पट्टा पिंजऱ्याला अडकवला आणि खुर्च्यांमधल्या वाटेतून लिफ्ट अशी नेली की मी बघतच राहिले. वर जायला लागली आणि सहा-सात फुटांवर थांबली. मशीन पीं पीं करायला लागलं.

तिचा सुपरवायझर इंद्रजीत म्हणाला, दहा मिनिटांचं काम आहे, लाकडी घोडा आणा, शिडीवरूनच होईल. तिथले म्हातारे मदतनीस रतनकाका तो आणायला निघालेसुद्धा. तनुजा पिंजरा खाली घेऊन उतरली.

"घोडा नको, काका. हे का थांबलं ते कळल्याशिवाय कुणी वर जाणार नाही."

घरी हिला कांदा चिरायला दोनदा सांगावं लागतं. इथे तिच्या एका वाक्यावर चार पुरुष जागीच थांबले.

ती टॉर्च घेऊन फरशीवर पालथी पडली आणि चेपलेलं लिंबू हातात घेऊन उठली. कुणाचं, असं विचारलं. मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"काकू, सरबताला अजून एक लागेल," इंद्रजीत म्हणाला. सगळे हसले.

तनुजा हसली नाही. तिने समजावलं, पिंजरा वर जाताना ती पट्टी फरशीपर्यंत खाली येते. चाक कुठे खड्ड्यात गेलंच तर मशीन त्या पट्टीवर टेकतं, कलंडत नाही. पट्टी पूर्ण खाली आली नाही, तर मशीन सहा-सात फुटांच्या वर जातच नाही. तिला सांभाळणारी वस्तूच मी दोऱ्याने जखडली होती.

"पण पूजेनंतर मी परत तपासलं नाही. चूक माझी," ती म्हणाली. तपासणीच्या वहीत तिने तसं लिहिलंही. इंद्रजीत म्हणाला, जाऊ दे, कोण बघतंय. तिने खाली सही केली.

सगळं पुन्हा तपासून ती चढली. मला लिफ्टभोवती लावलेल्या दोरीमागे उभं केलं. खांबातून खांब, त्यातून आणखी एक खांब निघत गेला आणि माझी पोर छताला पोचली! तिचे हात घाईत नव्हते. जुना दिवा उतरला, नवा बसला आणि व्यासपीठ उजळलं. टाळी आधी मीच वाजवली. शेजारच्या बाईंना, ओळख ना पाळख, सांगून टाकलं, ती वर आहे ना, ती माझी मुलगी. रिक्षावाल्यालाही वारज्याला घरी पोचेपर्यंत तेच ऐकवलं.

काळजी गेली असं नाही. उद्याही डबा भरताना तोच प्रश्न मनात येईल. पण तिच्या कामात चोरून गाठ मारण्याचा अधिकार मला नाही, दोऱ्याने नाही आणि भावाकरवीही नाही.

साडेअकरा झालेत. आनंद या वेळी बातम्या बघत जागा असतो. सोमवारची वाट कशाला बघायची? त्याला आत्ताच फोन करते आणि सांगते, ती नोकरी दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांग.