मामंजींचं वंगण आणि माझं ग्रीस

ट्रॉलीच्या चाकाला बाहेरून ग्रीसचा पंप मारायचा, हात पुसायचे आणि "झालं" म्हणायचं, हे बघितलं की माझं डोकं फिरतं. परवा उमापुरात आमच्या दारापुढंच एकानं असं केलं. मी ओट्यावरून ओरडले, "अरे, बेरिंग काढून बघ तरी!" तो नुसता हसला. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला बेरिंगमधलं काय कळणार, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मला कळतं. ऊसतोडीच्या आमच्या टायरगाडीची दोन्ही चाकं मी वर्षानुवर्षं या हातांनी उघडली आहेत. आणि ती चोरून उघडली आहेत, माझ्या सासऱ्यांपासून.

लग्न झालं त्याच वर्षी मी आणि आमचे हे तोडीला गेलो. गाडी घरची होती. बैलं आणि गाडी ट्रकमध्ये चढवायची, कारखान्यावर उतरवायची, आणि मग चार-पाच महिने फडातून कारखान्यापर्यंत ऊस वाहायचा. मामंजींचं वय झालं होतं, म्हणून ते घरी राहायचे. पण निघायच्या आधी चाकांना वंगण घालायचं काम त्यांचं. लाकडी चाकांच्या काळात ते पंचक्रोशीतले नावाजलेले गाडीवान होते. एरंडेल तेलात जाळलेल्या चिंध्यांची राख कालवून ते वंगण करायचे, आणि लोक लांबून आपल्या गाड्या त्यांच्याकडं आणायचे. आता चाकं रबरी झाली, आत बेरिंग आलं, पण मामंजी तेच राहिले. चाकाच्या मधल्या तुंब्याचं, म्हणजे हबचं, झाकण काढायचं, आतलं ग्रीस चिंधीनं कोरून फेकायचं आणि आपलं काळं वंगण ओतायचं.

"ह्ये सायबाचं लोणी हाय," ते ग्रीसला म्हणायचे. "दिसाया ग्वाड, कामाला न्हाई."

त्या पहिल्या हंगामात पंधरा दिवसांतच भर रस्त्यात डावं चाक चरचरायला लागलं. गाडीवर दीड टन ऊस. हबला हात लावला तर चटका बसला. आमचे हे खाली उतरले, झाकण काढलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पातळ तेल गळून गेलेलं, ग्रीस तर घरीच काढून फेकलेलं, आणि आत उरली होती ती नुसती राख. "तेल गेलं, तूप गेलं, हाती आलं धुपाटणं!" असं म्हणून ते रस्त्याच्या कडेला बसलेच.

कारखान्याच्या आवारात एक फिटर होता, गाडी कशीबशी त्याच्यापर्यंत नेली. हे बैलांपाशी थांबले आणि चाकापाशी मी. फिटरनं फुटलेलं बेरिंग काढलं, हब डिझेलनं धुतला, नवं बेरिंग तळहातावर घेतलं. दुसऱ्या तळहातावर ग्रीसचा गोळा. बेरिंगची कड त्या गोळ्यात दाबायची, ओढायची, पुन्हा दाबायची, वरच्या बाजूनं ग्रीसचे शेवयांसारखे धागे बाहेर येईपर्यंत. मग चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, आणि पक्का आवळला की थोडासा मागं सोडायचा. "एकदम कसलात तर जळंल, ढिल्लं सोडलात तर डुलंल," तो म्हणाला. दुसरं चाक मी त्याला करूच दिलं नाही. मीच केलं. त्यानं नटाला हात लावून बघितला आणि मान डोलवली. त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता की संध्याकाळी भाकरी थापताना मी उगीच हसत होते.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर मामंजी पुन्हा वंगणाचा नळा घेऊन चाकापाशी बसले. मी ह्यांना आत ओढून विचारलं, "सांगणार का नाही?"

"येडी हाय का तू?" हे म्हणाले. "वर्साकाठी त्येंच्याकडं तेवढंच एक काम उरलंय. त्ये बी काढून घ्यू? झाकली मूठ सव्वा लाखाची. ट्रकात काय चाकं फिरत न्हाईत. तिथं गेल्यावर तू कर."

मला ते पटलं. म्हणजे मी पटवून घेतलं. त्या वर्षीपासून मामंजी घरी मन लावून वंगण घालायचे, आम्ही "लई झ्याक" म्हणायचो, आणि कारखान्यावर उतरलं की पहिलं काम म्हणजे मी ते सगळं धुऊन काढायचं. सहा हंगाम असे गेले. चाक पुन्हा कधी जळलं नाही, आणि मामंजी गावात सांगायचे, "माज्या वंगणाचा गुण हाय." आम्ही माना डोलवायचो. हे तर कधीकधी कौतुकही जरा जास्तच करायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मी मामंजींबद्दल मनात म्हणायचे आणि हसू दाबायचे.

त्याच्या पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या. लेकीला मी दिंद्रुडला माहेरी शाळेत ठेवलं होतं. घरी मामंजी एकटे राहणार कसे, म्हणून ते आमच्याबरोबर आले. ट्रकमध्ये ते बैलांच्या अंगावर हात ठेवून खुशीत बसले होते, आणि मी चाकांकडं बघत होते. चाकांत त्यांचं वंगण होतं. ते न धुता गाडी जुंपता येत नव्हती, आणि त्यांच्या देखत धुता येत नव्हतं.

कारखान्यावर आमची पाचटाची कोपी उभी राहिली. मामंजी टोळीतल्या म्हाताऱ्यांकडं पान खायला गेलेले बघून मी गाडीखाली दगड लावले, चाक काढलं, डिझेलची बादली घेतली. हब अर्धा धुऊन झाला असेल. मागं कुणीतरी उभं आहे असं वाटलं. मी पटकन डोक्यावर पदर ओढला, हात तर कोपरापर्यंत काळे.

मामंजी बादलीत बघत होते. त्यांचं वंगण डिझेलवर तरंगत होतं.

"दरसाल?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. "सा हंगाम झालं," मी खरं सांगून टाकलं.

"कावून सांगितलं न्हाई?"

"तुमाला वाईट वाटंल म्हून."

ते खाली बसले.  मग म्हणाले, "अगं, मग सा वर्सं मला येडं ठिवलंत की तुमी."

तेव्हा मला रडू फुटलं. सासऱ्यापुढं रडायची आमच्यात रीत नाही, त्यांच्या हाताला हात लावायची तर मुळीच नाही. पण त्यांनी आपला तळहात माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "रडतीस काय? दाव. कसं करत्यात त्ये दाव."

मी त्यांच्या तळव्यावर ग्रीसचा गोळा ठेवला. बेरिंग त्यांच्या दुसऱ्या हातात दिलं, आणि पदर तोंडात धरून त्यांचा हात धरून दाबायला शिकवलं. तिसऱ्या दाबालाच ग्रीसचे धागे वर आले. लहान पोरासारखे खुश झाले ते.

हबच्या आतल्या बाजूचं दुसरं बेरिंग मी भरलं, चाक चढवलं, नट आवळून थोडा सोडला. मी म्हटलं, झालं. मामंजी म्हणाले, "थांब." त्यांनी हबला कान लावला आणि चाक हळू फिरवलं. पुन्हा फिरवलं. "आतलं काढ. बोलतंय त्ये."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी खरं तर मनातून वैतागले, की आता हा म्हातारा बदला घेतोय. तरी काढलं. आतल्या बेरिंगच्या एका रोलरवर केसाएवढी चीर होती. मी ते स्वतः धुतलं होतं, स्वतः ग्रीस भरलं होतं, आणि मला दिसली नव्हती. भरल्या गाडीत ते महिनाभरही टिकलं नसतं.

ती बातमी मामंजींनीच टोळीभर केली. चीर सापडल्याची नव्हे. "आमच्या सुनंनं मला बेरिंग शिकीवलं," असं ते प्रत्येक कोपीपुढं उभं राहून सांगत होते. ज्या गोष्टीनं त्यांची मान खाली जाईल म्हणून आम्ही नवरा-बायकोनं सहा वर्षं जीव मुठीत धरला, ती गोष्ट ते पान चघळत मिरवत होते. आमचे हे बैलांच्या आड जाऊन उभे राहिले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते.

मग टोळीतल्या सगळ्या गाड्यांची चाकं आमच्याकडं यायला लागली. मी भरायची, मामंजी ऐकायचे. ते "बोलतंय" म्हणाले की मी उघडायची, आणि त्यांचं कधी चुकलं नाही.

असे आम्हाला दोन हंगाम मिळाले. तिसऱ्या वर्षी ते गेले. आम्ही त्यांचा मान राखतोय असं सहा वर्षं समजत होतो, आणि तेवढी वर्षं तो कान घरी एकटा बसून होता. पहिल्याच वर्षी सांगितलं असतं तर आठ हंगाम मिळाले असते.