चिंधीवाली भेंडी

घरामागे चार भेंड्या लावल्या की भाजी दोन महिने मिळते, डोक्याला ताप मात्र दिवाळीनंतरही पुरतो. त्यात आमची भंडाऱ्याची गल्ली म्हणजे घरोघरी भेंडी. किस्से सांगायला बसले तर चहा दोनदा टाकावा लागेल!

*

हंगाम सरत आला की भेंडी निबर होते. मग ती घरी न शिजवता प्रेमाने वाटली जाते.

परवा समोरच्या ताराबाई पिशवी घेऊन आल्या. "घ्या ताई, आताच तोडली. एकदम कवळी हाय!"

विळीवर धरली तर कट्‌कन आवाज. लाकूड नुसतं! पिशवी नीट पाहिली, तर माझीच. सकाळी मीच ती त्यांच्या जावेला दिली होती. "एकदम कवळी" म्हणून!

*

आमच्या ह्यांनी गल्लीच्या ग्रुपवर पिवळ्या पानांचा फोटो टाकला. "कोणतं औषध मारू?"

ताराबाईंचं उत्तर आलं, "कायले मारता भाऊजी? म्हातारी झाली ते. रिटायर होऊ द्या आता!"

हे गेल्याच महिन्यात रिटायर झालेत. त्यांनी तडक ग्रुपच सोडला.

*

एकदा बाजारातून ह्यांना फोन केला. "बाकीची झाडं उपटा, कोपऱ्यातलं बियाण्यासाठी राखा."

घरी येऊन पाहते, तर कोपऱ्यातलं झाड शेंड्यापर्यंत पांढरंफटक!

"हे काय केलंत?"

"तूच तं म्हणाली, झाडाले राख! ताराबाईच्या चुलीतली मागून आणली. चाळून टाकली न!"

*

ते झाड मी जिवापाड जपत होते, कारण बी एकोडीच्या मावशीचं. बोटभर, पोपटी भेंडी, अशी दुकानाच्या पाकिटात मिळत नाही. मावशीकडचं बी यंदा किड्यांनी खाल्लं. आता उरलं ते माझ्या झाडावर.

एक भेंडी बी धरायला ठेवली आणि कोणी तोडू नये म्हणून तिला लाल चिंधी बांधली. ह्यांना बजावलं, "चिंधीवालीला हात लावाल तर याद राखा!" आणि मी लग्नासाठी एकोडीला गेले.

तिथे मावशीने हात धरला. "मूठभर बी मले वापस दे वो बाई. तुह्याकडचं गेलं तं मंग कोठंच नाई भेटत." मला गलबलून आलं. म्हटलं, "मावशे, भेंडी वाळली की स्वतः आणून देते."

परत आले ती बॅग न ठेवताच मागे गेले. चिंधी जागेवर होती. पण तिच्यात करंगळीएवढी हिरवीगार भेंडी!

"अहो! माझी भेंडी कुठंय?"

हे हसतच बाहेर आले.

"अवं, ते तं पुरी वाळून गेली होती! कचरागाडीत देऊन टाकली. तू येऊन चिडशीन म्हणून मस्त कवळी पाहून चिंधी तिले बांधली!"