कापलेली चार मिनिटं

आबा घरातून खाली उतरले नाहीत त्याला आठ महिने झाले. बारामतीतला तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि खुब्याचं हाड मोडलेले माझे वडील. मी तरी रोज उतरते. इंदापूरला ऑफिसात जाते आणि सहाच्या एसटीनं परत येते. घाण्याच्या बैलाला वाट दाखवावी लागत नाही, तसे माझे पाय आपोआप जिना चढतात.

गेल्या महिन्यात बढतीचं पत्र आलं, नागपूरचं. हे तिसरं. आधीच्या दोन बढत्या मी ‘कौटुंबिक कारणास्तव’ नाकारल्या होत्या. कौटुंबिक कारण तेव्हाही खुर्चीत बसून चहात साखर कमी म्हणून कुरकुरत होतं. या वेळी पत्र मी पर्समध्येच ठेवलं. सोमवारी तिकडं हजर व्हायचं, नाहीतर येत नाही म्हणून कळवायचं. शनिवार उजाडला तरी माझ्याच्यानं दोन्हींतलं काही झालं नव्हतं.

त्या दुपारी आबांचं मन रमावं म्हणून मी टीव्हीवर मंगोलांचा एक जुना इटालियन सिनेमा शोधून लावला. आबा नको म्हणत होते, जुनं काय बघायचं म्हणून. मला नवल वाटलं, कारण याच सिनेमावर आमचं घर चाललं होतं. आबा जत्रेतल्या तंबूत सिनेमाचं मशीन चालवायचे, आणि यातली भाषा कुणालाच कळत नसल्यानं माईकवर स्वतःच मराठीत बोलायचे. मी सात वर्षांची असताना आई वारली, तेव्हापासून माझी जागा तंबूत, पहिल्या रांगेत. मिशा चिकटवलेले गोरेपान मंगोल किल्ल्याला वेढा घालायचे, त्यांचा दूत दारात यायचा, आणि आतला म्हातारा राजा आबांच्या आवाजात सांगायचा, साहेब जेवायला गेल्यात, उद्या अर्ज घेऊन या. तहसील कचेरीत चपला झिजवलेली माणसं पोट धरून हसायची. शेवटी राजकन्या बुरुजावर उभी राहायची आणि आबा आवाज चढवायचे, “बाप हाय तवर लेक किल्ला सोडत न्हाय.” शिट्ट्या पडायच्या, दिवे लागायचे, खेळ संपायचा.

मला उभ्या आयुष्यात कुणी अडवलं नाही. आलेलं स्थळ परत पाठवलं ते मीच, दोन्ही नकार लिहिले तेही मीच. ते वाक्य तेवढं डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

टीव्हीवर राजकन्या बुरुजावर आली. संपलं म्हणून मी रिमोट उचलला, तर सिनेमा पुढं चालूच. ती खाली उतरली. म्हातारा राजा स्वतःच्या हातानं मागच्या दरवाजाचा अडसर काढत होता. ती घोड्यावर बसली आणि गेली. रडतही नव्हती. ती टेकाडापलीकडं जाईपर्यंत राजानं दार उघडं ठेवलं होतं.

मी म्हटलं, हे आपल्याकडं कधीच नव्हतं. शेवटचं रीळ तुटकं आलंय म्हणून सांगायचात ना?



“तुटकं न्हवतं. म्या कापलं,” आबा म्हणाले. “तुझी आई जाऊन वरीस झालं न्हवतं. तू फुडंच बसायचीस. रोज बघितलं असतंस तर तुला कळलं असतं, की जाता येतं.”

मला इतका राग आला की त्यांच्यापुढचा कप उचलून मी मोरीत आदळला. कपाचा कान तुटला. चार मिनिटांच्या फितीपायी मी चाळीस वर्षं त्या बुरुजावर उभी होते. आणि हा माणूस तेव्हा चाळिशीचाही नव्हता, सात वर्षांची पोर काखेला मारून गावोगाव हिंडत होता, हेही मला त्याच वेळी दिसत होतं. म्हणून तर राग आणखीच वाढला.

पर्समधलं पत्र काढून मी त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि ओळीखाली बोट फिरवत सगळं वाचलं, साहेबांच्या सहीपर्यंत. मग नीट घडी घालून माझ्या हातात दिलं.

“सोमवार म्हंजी परवाच की,” ते म्हणाले. “तू गेल्यावर माझ्या गोळ्यांचं बघायला कुणाला सांगितलंस?”

मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.