स्टिअरिंगला झेंडूची माळ

माझं पहिलं गेमचं स्टिअरिंग म्हणजे निव्वळ थट्टा होती. खालच्या दोन रबरी वाट्या टेबलाला चिकटवायच्या आणि त्या वळणावर हमखास सुटायच्या. गाडी भिंतीवर, स्टिअरिंग माझ्या मांडीवर! अंबडला कारखान्यात नोकरी होती, लग्न व्हायचं होतं, आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर गाड्या पळवायच्या एवढंच एक वेड. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मी आत मोटर असलेलं नवं स्टिअरिंग आणलं. रस्ता खडबडीत असला की ते हातात थरथरायचं.

जुनं आणि नवं शेजारी ठेवून मी ताडून बघत होतो, तेव्हा वडील येऊन बसले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांनी जन्मभर ट्रक चालवला, सायखेड्याकडचा माल भरून कुठं कुठं नेला. मग साखरेच्या आजारानं डोळे अधू झाले आणि त्याच वर्षी ट्रक विकला. पडद्यावरचं त्यांना काही दिसत नव्हतं. त्यांनी दोन्हींवर नुसते हात ठेवले.

"जुन्यात आतलं नुसतं रबर ओढतंय रे. ह्याच्यात जीव हाय."

मग आमचं रोजचंच झालं. स्टिअरिंग अण्णांच्या हातात, पेडल माझ्या पायाखाली. मी "डावीकडे घ्या" म्हणायचो, ते घ्यायचे. एकदा मी ओरडायच्या आधीच म्हणाले, "चाक खाली उतरलं बघ." खरंच उतरलं होतं. मी चाटच पडलो.

दसऱ्याला कारखान्यातले तिघं मित्र सोनं द्यायला आले. नवं स्टिअरिंग दाखवतो म्हणून मी तोऱ्यात त्यांना आतल्या खोलीत नेलं. बघतो तर स्टिअरिंगला झेंडूची जाडजूड माळ, मधोमध हळदीकुंकवाची बोटं आणि पेडलखाली लिंबू. शेजारी अण्णा, धुतलेला सदरा घालून उभे.

"पूजा झालीय. आता दाबा लिंबू आणि घ्या एक चक्कर."

"काका, पीयूसी काढलं का हिचं?" एक जण म्हणाला. तिघंही हसले. आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? मी! एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मित्रांसमोर माझी शोभा झाली ना! मी माळ खस्सकन ओढून काढली आणि खेकसलो, "अहो अण्णा, खेळणं आहे ते! ट्रक आहे का तुमचा?"

अण्णा चाचपडत पुढे आले, सदऱ्याच्या टोकानं कुंकू पुसू लागले. "खराब तर नाय ना झालं?" एवढंच विचारलं.

त्यानंतर ते माझ्याशेजारी बसले नाहीत. मी बोलावलं की म्हणायचे, "तू खेळ." मला माफी मागायची होती. जीभच रेटली नाही. आजही हे आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पुढच्या दसऱ्याला मी स्वतः रविवार कारंज्यावरून माळ आणली, लिंबू आणलं, स्टिअरिंग लख्ख पुसलं आणि अण्णांना हाताला धरून खोलीत नेलं. म्हटलं, "अण्णा, पूजा करा."

त्यांनी माळ हातात घेतली, एकेक फूल चाचपलं.

"लय ताजी हायेत. दाराला लाव," ते म्हणाले. "खेळण्याची कशाला पूजा?"

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. मी सांगितलेलं त्यांनी खरं मानलं होतं. मी माळ घेतली आणि दाराला लावली.