रेघेवर हळदीचे बोट

१९४४ च्या उन्हाळ्यात हिंगोलीत एका आडत्याच्या मुलीच्या लग्नात भाड्याने आणलेल्या लाउडस्पीकरच्या यंत्राला हळदकुंकू लावण्यात आले आणि त्याचा आवाज निम्म्यावर आला.

यंत्र माझ्या थोरल्या भावाचे. मोटारीच्या बॅटरीवर चालायचे. मी तबकड्या लावायला शेजारी बसलो होतो. यंत्राचा सगळा जीव शेवटच्या व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या काचेच्या नळीत होता. युद्धामुळे तसा दुसरा मिळत नव्हता. तो जळला की भावाचा धंदा संपणार होता. मांडवात याचे सोयरसुतक कुणालाच नव्हते.

व्हॉल्व्हमध्ये एक जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. आवाज तिथून आत शिरतो. या ग्रिडला एक रोध, म्हणजे विजेला अडवणारा तुकडा, जोडावा लागतो. तो फार मोठा झाला तर व्हॉल्व्ह तापून लाल होतो, फार लहान झाला तर आवाज बसतो. मूळचा रोध निकामी झाल्यावर भावाने पुठ्ठ्याच्या पट्टीवर पेन्सिलची रेघ ओढून काम भागवले होते. रेघ जाड तर रोध कमी, बारीक तर जास्त. मोजायचे साधन म्हणजे त्याचे कान.

सकाळी आडत्याने आवाज ऐकून निकाल दिला, "एवढा तर आमची म्हातारी बी काढती. टेशनापर्यंत गेला पायजे."

स्टेशनावर लग्नाचे कुणी उतरणार नव्हते. सगळे पाहुणे बैलगाड्यांनी येऊन समोरच बसले होते. भावाने रबराने रेघ बारीक केली. आवाज वाढला, आडत्याची मान ताठ झाली आणि थोड्या वेळाने व्हॉल्व्हमधला पत्रा लाल दिसू लागला. भावाने मागचे झाकण काढून पंख्याने वारा घालायला सुरुवात केली. नवरदेवाच्या वाट्याला तेवढा वारा आला नाही.

तेवढ्यात आडत्याची आई हळदकुंकवाचे ताट घेऊन आली.

"समद्याला लावलं, यालाच काहून उपाशी ठेवायचं?"

"आजी, आत हात नका..." भाऊ ओरडला.

झाकण नसल्याने सपाट जागा एकच उरली होती, ती पट्टी. पाण्यात कालवलेल्या हळदीचे बोट नेमके रेघेवर टेकले. ओल्या हळदीतून विजेला दुसरी वाट मिळाली आणि रोध घटला.

आडत्या धावत आला. "भाऊ, आवाज काहून बसून राहिला?"

"आईंनी आशीर्वाद देला, मालक."

"मंग पुसून टाक."

"तुमीच पुसा."

आडत्याने आईकडे पाहिले. आई त्याच्याकडेच पाहत होती. पोरीच्या लग्नात हळदकुंकू पुसणारा माणूस भर मांडवात निघाला नाही. दरम्यान पत्र्याची लाली उतरली होती.

हळद वाळत आली की आवाज आणि लाली दोन्ही परतत. मग भाऊ पळीने पट्टीवर पाण्याचा थेंब सोडी. पाहणाऱ्यांना तो पूजेचाच भाग वाटला. दोघा-तिघांनी हात जोडले.

मंगलाष्टके मांडवापुरती ऐकू गेली.

पुढच्या लग्नापासून भाऊ नव्या पट्टीवर जाड रेघ ओढायचा आणि निघण्यापूर्वी तिच्यावर स्वतःच हळदीचे बोट लावायचा. हळद लागलेली रेघ खोडून आवाज वाढवायला पुन्हा कुणी सांगितले नाही. १९४८ सालीही यंत्रात तोच व्हॉल्व्ह होता.