दुहेरी तळाचा टब

सन दोन हजार तेवीस. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं आणि मी तीन महिन्यांसाठी लेकीकडं हॉलंडात उइटहॉर्नला आलो होतो. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं पत्र्यानं शिकवलं. मिरजेत चाळीस वर्षं बादल्या, घमेली, पाण्याच्या टाक्या केल्या. माझ्या बादलीला तळ दुहेरी असायचा. कुणी एकेरी तळाची मागितली तर त्याला मी पुढच्या दुकानाचा रस्ता दाखवायचो.

लेकीचा शेजारी साठीचा, ताडमाड. इथं शेजाऱ्याला बुरमान म्हणतात, मीही तेच म्हणायचो. दर शनिवारी त्याच्या शेडमध्ये तीन मित्र जमायचे. पहिल्यांदा आवाज ऐकून वाटलं, भंगार काढतायत. कुंपणावरून डोकावलो. एक जण आपल्याकडच्या लोणच्याच्या बरणीसारख्या बरणीत तोंडानं हवा फुंकून बूं-बूं करत होता. दुसरा बोटांत शिंप्याची लोखंडी टोपणं घालून धुणं घासायच्या पत्र्याच्या फळीवर खरखर करत होता. तिसऱ्याकडं गिटार. आणि बुरमान पत्र्याच्या एका उलट्या टबावर पाय ठेवून उभा. टबाच्या तळातून एक दोरी निघून काठीच्या टोकाला बांधलेली. काठी मागं ओढली की दोरी ताणायची आणि सूर चढायचा. आमच्याकडच्या जोगत्यांच्या चौंडक्याचा हा चुलतभाऊच!

"आप्पा, असं कुंपणावरनं बघू नका. इथं चालत नाही," लेक म्हणाली.

"मग दारातनं बघतो," म्हटलं, आणि गेलो.

त्यांनी खुर्ची दिली, कॉफी दिली. लेकीनं नंतर सांगितलं, ही शंभर वर्षांपूर्वीची अमेरिकेतल्या खेड्यांतल्या काळ्या गरीब माणसांची गाणी. वाद्यं परवडत नव्हती, म्हणून घरातलं हाताला येईल ते वाजवलं. या चौघांनी ती जुन्या तबकड्या ऐकून बसवलीत. मला शब्द कळत नव्हता, पण त्या दिवसापासून एकही शनिवार चुकवला नाही.

एका शनिवारी वाजवता वाजवता टबाचा तळ फाटला आणि दोरी गाठीसकट वर निघून आली. बुरमान टब मांडीवर घेऊन बसला. लेकीनं विचारलं तेव्हा कळलं, टब त्याच्या आईचा. लहानपणी त्याला त्यात आंघोळ घालायची. आता म्हातारी वृद्धाश्रमात, लेकालाही ओळखत नाही. पण हा टब वाजला की तिचा पाय हलतो. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिच्या वाढदिवसाला हे चौघे वाजवणार होते.

"दुसरा टब नाही?" मी लेकीला विचारलं.

"दुसरा एकदा नेला होता म्हणे. पाय हलला नाही."

"सांग त्याला, टब आण इकडं."

"आप्पा, ते तुमचं घमेलं नव्हे."

"पत्रा आहे ना? मग माझंच आहे."

शेडमध्ये जुना सपाट जस्ती पत्रा पडला होता. त्याचा गोल कापला, तळाला आतून बसवला, बारा रिबिटा मारल्या, कडेनं कथलाची झाळ दिली. होते तेवढे पोचे ठोकून काढले. पाणी भरून बघितलं, थेंब गळला नाही. इतकं सुबक काम पुष्कळ वर्षांत झालं नव्हतं. मग दोरीपुरतं भोक पाडून टब बुरमानच्या हाती दिला.

त्यानं दोरी ओवून ओढली. धप्प. धान्याचं पोतं टाकल्यासारखं.

बरणीवाल्यानं फळीवाल्याकडं बघितलं. बुरमाननं माझा हात हातात घेतला. "मोय, मोय."

"छान झालंय म्हणतोय," लेक म्हणाली.

"कळतंय मला. दोरी ढिली आहे म्हणावं."

त्यानं दोरी ताणली. धप्प.

"काठी ओली असंल."

"आप्पा."

"अगं, बारा रिबिटा मारल्यात! पन्नास वर्षं गळायचा नाही!"

"पण त्यात पाणी कुणाला भरायचंय, आप्पा?"

घरी आलो, जेवताना आमटीला मीठ कमी आहे म्हणालो. कमी नव्हतं. मिरजेत माझ्या दुकानामागं सतारी करणारे राहायचे. त्यातला एक म्हातारा एकदा म्हणाला होता, "तू जाड करून भांडं राखतोस, आम्ही पातळ करून सूर राखतो." मला तो टोमणा वाटला. दोन वर्षं त्याच्याशी बोललो नव्हतो.

"ते उद्या कुणाचा तरी टब मागून नेणारेत," लेक ताटाकडं बघत म्हणाली. "तुम्हाला सांगू नको म्हणालेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बुरमानची बेल वाजवली. तो लेंग्यावरच दारात आला. भाषा नव्हती, छन्नी-हातोडी दाखवली. त्यानं शेड उघडली. बाराच्या बारा रिबिटा मी एक-एक तोडल्या, झाळ तापवून सोडवली आणि माझा पत्रा काढून बाजूला ठेवला. दोरीच्या जागी तेवढी रुपयाएवढी चकती बसवली. बारा भोकं राहिली. भोकं असलेलं भांडं माझ्या हातून गेलं ते हेच. मग बुरमाननं तळावर दोन ठिकाणी अंगठा टेकवला. तिथं आधी पोचे होते, मीच काढलेले. ते परत घालायला गेलो तर हात चालेना, म्हणून हातोडी त्याच्या हातात दिली. त्यानं दोन ठोके मारले आणि दोरी ओवली.

बूऽम!

लेकीनं वरच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"चहा टाक," मी ओरडलो. "आणि माझा कोट काढून ठेव. म्हातारीकडं मीपण जाणार आहे."