बोटीत फुकट कोणी बसलं नाही

"फुकट? आमी गुरुजीच्या बोटीत फुकट बसलो मनता का साहेब?" लटारूभाऊ खाटेवरून उठून उभेच राहिले. "आमी का भिकारी आहो?"

मी असलं काही म्हणत नव्हतो. मी फक्त विचारलं होतं की बोटीत बसायला पैसे द्यावे लागायचे का. एवढं विचारायला विमा कंपनीने मला ब्रह्मपुरीहून पाठवलं होतं, त्यातले शेवटचे सहा किलोमीटर चिखलातून. उत्तर "नाही" आलं असतं तर सगळ्यांचं भलं झालं असतं. शेजारी बसलेल्या मेश्राम गुरुजींनी लटारूभाऊंना डोळ्यांनी खुणावूनही पाहिलं. पण लटारूभाऊंच्या इज्जतीचा प्रश्न होता.

मी विम्याचा सर्व्हेअर. कुणाचं नुकसान झालं की जाऊन बघायचं, किती झालं आणि पॉलिसीत बसतं का ते लिहायचं, हे माझं काम. सर्व्हेअर हा कायद्याने स्वतंत्र असतो. त्याची फी तेवढी कंपनी देते.

हा क्लेम गुरुजींचा होता. त्यांचं घर वैनगंगेच्या अलीकडे, शाळा पलीकडे. नदीतून दहा मिनिटं, पुलावरून वळसा घातला तर पंचेचाळीस किलोमीटर. म्हणून त्यांनी बँकेचं कर्ज काढून मोटर लावलेली फायबरची बोट घेतली. गावातली आठ पोरंही त्याच बोटीतून त्यांच्या शाळेत जायची. पावसाळ्यात पूर आला, बांधलेला दोर तुटला आणि बोट खाली दगडांवर आपटून इंजिनासकट फुटली. त्या वेळी बोटीत कोणीही नव्हतं. इतका सरळ क्लेम वर्षातून एखादाच येतो.

घोळ फोटोने केला. फॉर्मला बोटीचा फोटो जोडावा लागतो. गुरुजींकडे एकच चांगला होता, तो त्यांनी कौतुकाने जोडला. त्यात पोरं, बायाबापड्या, दोन शेळ्या, एक सायकल आणि मागे कुठेतरी गुरुजी.

नागपूरहून क्लेम मॅनेजरचा फोन आला. "सर्व्हेअर साहेब, पॉलिसी प्रायव्हेट बोटीची आहे ना? ही तर एसटी दिसतेय."

"शेळ्यांना हाफ तिकीट होतं का, ते बघून येतो सर."

"चेष्टा सोडा. हायर ऑर रिवॉर्डचं कलम वाचा."

हे कलम सोपं आहे. खाजगी म्हणून विमा काढायचा आणि भाडं किंवा काहीही मोबदला घेऊन माणसं न्यायची, असं केलं तर कंपनी पैसे नाकारू शकते. बोट फुटली तेव्हा रिकामी होती, हा बचाव चालत नाही. पुराने दोर तोडताना तिकिटं तपासली नव्हती, तेवढं काम राहिलं होतं, ते कंपनी करत होती.

तर लटारूभाऊ. ते गावातले वयाने मोठे, त्यामुळे त्यांचं बोलणं म्हणजे गावाचं बोलणं.

"पेट्रोलची पाळी हाय जी आमची. सोमवार माहा. बाकीच्याईचे बाकी वार. अन् धान निघालं का घरटी दोन पायल्या धान गुरुजीच्या ओसरीवर. आमचा बाप डोंगेवाल्याले देत होता, आमी गुरुजीले देतो."

डोंगा म्हणजे लाकडी होडी. पूर्वी वर्षभर नदी पार करून देणाऱ्याला गाव सुगीला धान मोजून द्यायचं. डोंगेवाला गेला, गुरुजी आले, गावाने पद्धत तशीच पुढे चालवली. गुरुजींना कोणी विचारलं नाही.

मग जो तो पुढे येऊन आपण काय देतो ते सांगायला लागला. एकाने तर शेजारी पायली काठोकाठ भरत नाही, अशी चहाडीही केली. कंपनीने वकील लावला असता तरी इतके साक्षीदार जमले नसते. मी आपला लिहीत होतो.

गुरुजी मला बाजूला घेऊन गेले. "साहेब, घेतो म्हटलं तं विमा गेला. नाई घेत म्हटलं तं गाव गेलं. मी का करू? धान मी परत केलं होतं एकदा. रात्रीतून पुन्हा ओसरीवर आलं." मग हळूच म्हणाले, "माझं सोडा. मी मोटरसायकलनं वळसा घालून जातो. ती आठ पोरं घरी बसली हायेत."

मला त्यांची कीव आली आणि हातातल्या वहीची लाज वाटली. पण वहीत जे होतं ते खरं होतं. "मोबदला घेतला जात होता" इथपर्यंत माझं लिहून झालं होतं.

तेवढ्यात काठी टेकत अनुसयाबाई आल्या. सरकारी साहेब आलाय, तक्रारी घेतोय, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

"माही तक्रार लिवा. हा गुरुजी लय आखडू हाय."

"काय झालं बाई?"

"माही पोरगी पल्याड देल्ली. रविवारी तिच्याकडे जाचं होतं. शंभर रुपये देतो म्हटलं, मले सोडून दे. नाई म्हने. शाळा नाई तं बोट नाई म्हने. माह्यासाठी दहा मिंटं निघत नव्हते त्याले!"

मी पेन थांबवलं. "मग तुम्हीसुद्धा धान देत असाल ना?"

"काऊन देऊ? त्या दिसापासून बंद केलं. पेट्रोल बी नाई देत."

"मग बोटीत बसू देत नसतील."

"काऊन नाई बसू देन? सोमवारी जाऊन बसलो ना मी! उलट हात धरून बसवते मले." हे त्या रागातच सांगत होत्या.

मी आधीचं वाक्य खोडलं. भाड्याची बोट असती तर रविवारी शंभर रुपये सोडले नसते, आणि न देणाऱ्याला सोमवारी चढू दिलं नसतं. माणूस स्वतःच्या कामाला जातो, जागा असते म्हणून चार जण बसतात, पेट्रोल वाटून घेतात. याला खर्च वाटून घेणं म्हणतात, धंदा नाही. अनुसयाबाईंची तक्रार मी शब्दन्शब्द लिहून त्यांचा अंगठा घेतला. शेवटी कोणीतरी आपलं ऐकलं, याचं त्यांना फार समाधान वाटलं.

मॅनेजरने रिपोर्ट वाचून फोन केला. "पेट्रोल ठीक आहे. पण धान? तो रिवॉर्डच झाला."

"सर, दिवाळीत तुमच्या टेबलावर काजूचे डबे होते. ते काय होतं?"

"ते लोक प्रेमाने देतात."

"मीही तेच लिहिलंय. पान चार बघा."

फोनवर पानं उलटल्याचा आवाज आला. क्लेम मंजूर झाला, घसारा म्हणजे बोट जुनी झाल्याची वजावट कापून. नवी बोट आली आणि आठ पोरं शाळेत गेली. नव्या पॉलिसीला मात्र कंपनीने अट घातली, बोटीवर ठळक अक्षरांत लिहा: "खाजगी बोट. भाडे घेतले जात नाही."

पुढच्या वर्षी रिन्युअलच्या तपासणीला मीच गेलो. पाटी लिहिलेली होती, अगदी कंपनीच्या शब्दांत. बोटीच्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुसरी पाटी होती. "इथी फुकट कोणी बसत नाई. हुकूमावरून, लटारू."

माझ्या सगळ्या कामातून घेण्यासारखा धडा एकच, क्लेमच्या फोटोत बोट रिकामी असावी. मी सगळ्यांना खाली उतरवलं, शेळ्यांसकट, आणि कंपनीच्या पाटीच्या बाजूने फोटो काढला.